लघवीला जाण्यासाठी परवानगी कशाला?

बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी गाड्या तयार होतात, चॉकलेट तयार होते, दुधावर प्रक्रिया होते, कपडे शिवले जातात. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरची औद्योगिक वसाहत आहे, वालचंदनगर आहे. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा हे सहकारी साखर कारखाने या दोन तालुक्यांत आहेत आणि दर हिवाळ्यात त्यांच्या उसासाठी बीडकडून टोळ्या उतरतात. कामाच्या बाबतीत हा भाग राज्यात पुढे आहे. पगारवाढ, बोनस, उसाचा दर, तोडणीचा दर या सगळ्यांवर इथे चर्चा होते, मोर्चे निघतात. एका गोष्टीवर मात्र बोलायला सगळेच संकोचतात. काम चालू असताना माणसाला लघवीला लागली, तर त्याने काय करायचे?

खालचे मुद्दे कोणा एका कंपनीवर किंवा कारखान्यावर बोट ठेवण्यासाठी लिहिलेले नाहीत. ही पद्धत सगळीकडे मुरलेली आहे आणि ती मोडायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

१. बंदी लेखी नसते, पण ती असते.

‘कामगारांनी बाथरूमला जाऊ नये’ अशी पाटी कुठेही लावलेली नसते. बंदी वेगळ्या वाटेने येते. सगळ्या लाइनला मिळून दोनच टोकन असतात. दोघी बाहेर गेल्या की त्यांतली एक परत येईपर्यंत तिसरीने थांबायचे. कुठे जाण्या-येण्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहावी लागते. कुठे किल्ली ऑफिसात असते आणि ती पुरुष सुपरवायझरकडून मागून घ्यावी लागते. कुठे ‘तासाचे टार्गेट झाले की जा’ असे सांगितले जाते. आणि कुठे फक्त एक वाक्य पुरते: ‘आत्ताच तर जाऊन आलीस ना?’ चाळीस जणींसमोर हे वाक्य एकदा ऐकलेली बाई दुसऱ्यांदा विचारत नाही.

मग ती काय करते? ती पाणी पिणे बंद करते. घरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत जाते. नियम कुणी लिहिला नाही, दंड कुणी केला नाही, तरी बंदी शंभर टक्के अमलात आली. म्हणून ‘आमच्याकडे तक्रार नाही’ या उत्तराला या बाबतीत काही अर्थ नाही.

२. शरीर शिफ्ट पाहून चालत नाही.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते आणि जाण्याची भावना त्याच्या बरीच आधी होते. ती पुन्हापुन्हा दाबून ठेवली तर जंतुसंसर्गाला वाट मिळते. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा त्रास लवकर आणि वारंवार होतो. आपल्याकडे याला उन्हाळी लागणे म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा यांवर भागवले जाते. दोन दिवस जळजळ सहन करून बाई पुन्हा कामावर जाते. तिथे पुन्हा पाणी कमी आणि पुन्हा लघवी दाबणे. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला की थंडी-ताप येतो, मग दवाखाना आणि मग रजा. त्या रजेचा पगारही तिचाच जातो.

गरोदर बाईला वारंवार जावेच लागते. पाळीच्या दिवसांत पॅड किंवा कापड बदलायचे असते, ते ‘दोन वाजता’ असे ठरवून होत नाही. मधुमेहाच्या माणसाला जास्त वेळा जावे लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्याच मुळी लघवी वाढवणाऱ्या असतात. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला प्रोस्टेटचा त्रास असू शकतो. यातली प्रत्येक गोष्ट खाजगी आहे. परवानगी मागायला लावणे म्हणजे प्रत्येकाला आपला आजार, आपली पाळी, आपले गरोदरपण चारचौघांत सांगायला लावणे होय.

त्यात आपला भाग अवर्षणाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, इस्त्रीच्या विभागात, भट्टीजवळ घाम गळतो. अशा वेळी कमी पाणी पिणे धोक्याचे आहे. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या उसाच्या पट्ट्यात, मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरुण तोडणी कामगारांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. उष्णतेतली अंगमेहनत आणि शरीरातले पाणी आटणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तिथल्या काही कारखान्यांनी मग पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या नियमांत घातल्या. आपलाही पट्टा उसाचाच आहे. पाणी प्या म्हणून सांगायचे आणि लघवीला जाऊ द्यायचे नाही, या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत.

३. कायद्याने संडास मोजले. वेळेचे बंधन त्याने घातलेच नव्हते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम १९ स्पष्ट होते. संडास आणि मुताऱ्या पुरेशा हव्यात, सोयीच्या जागी हव्यात आणि कामगार कारखान्यात असेल तोवर केव्हाही त्याला तिथे जाता आले पाहिजे. ‘केव्हाही’ म्हणजे सुट्टीतही आणि कामातही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांनी पंचवीस बायकांमागे किमान एक संडास, असे प्रमाण घातले.

आता साधा हिशोब करा. एका बाईला चार मिनिटे लागतात असे धरले, तर पंचवीस जणींना शंभर मिनिटे लागतात. जेवणाची सुट्टी असते तीस मिनिटांची. त्या तीस मिनिटांत एका संडासात सात जणी जाऊन येतील, आठवीचा नंबर लागेपर्यंत घंटा होईल. शिवाय त्याच तीस मिनिटांत हात धुऊन डबाही खायचा आहे. म्हणजे पंचवीसला एक हे प्रमाण पुरते ते बायका दिवसभरात आपापल्या वेळेला जातील असे धरले तरच. जो मालक ‘फक्त सुट्टीतच जा’ म्हणतो, त्याचे संडास कागदावर नियमात बसतात, पण प्रत्यक्षात पंचवीसपैकी अठरा जणींसाठी ते नसल्यासारखेच असतात. तपासणीला आलेला अधिकारी भांडी मोजून जातो. दारापर्यंत पोचायला किती जणींना मिळते, हे त्यानेच मोजायला हवे.

ती जेवणाची सुट्टी तरी कुठून आली, हे पुणे जिल्ह्याच्या माणसाने विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, कन्हेरसर. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. तो अर्धा तास घास पोटात जावा आणि पाठ टेकावी म्हणून मागितला होता. बाकीचे साडेसात तास लघवी रोखून धरण्याच्या बदल्यात तो घेतलेला नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य यांच्या संहितेने स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगारांसाठी पुरेशी, वेगवेगळी आणि स्वच्छ सोय करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तृतीयपंथी कामगारांचा उल्लेख झाला, हे चांगले झाले. पण जुन्या कायद्यातला ‘केव्हाही’ हा शब्द नव्या व्यवस्थेत राज्याच्या नियमांत ठळक दिसला पाहिजे. आणि बाथरूमला वेळ लागला म्हणून पैसे कापण्याबद्दल सांगायचे तर, मजुरीतून दंड घेण्याला कायद्याची मर्यादा आहे. तो पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि ज्या चुकीसाठी तो घ्यायचा, ती चूक मंजूर होऊन आधी फलकावर लागलेली असावी लागते. ‘बाथरूमला जास्त वेळ लावणे’ ही चूक मंजूर करून घ्यायला कोणता मालक अर्ज करील?

४. उत्पादन बुडते, हे खरे नाही.

लाइनवरची एक जण उठली की पुढच्या सगळ्या थांबतात, ही अडचण मी नाकारत नाही. शिलाईच्या लाइनवर कॉलर लावणारी गेली तर बाही लावणारीकडे कामच येत नाही. पण हिशोब पुढे न्यायला हवा. आठ तासांच्या शिफ्टमध्ये एका बाईने दोनदा जायचे, प्रत्येक वेळी सहा मिनिटे, म्हणजे बारा मिनिटे. चाळीस जणींचे झाले चारशे ऐंशी मिनिटे. बरोबर एका माणसाची एक शिफ्ट. म्हणजे चाळीस जणींमागे सगळी मशिने येणारी एक रिलीव्हर ठेवली, तर प्रश्न सुटतो. चाळीस पगारांत एका पगाराची भर, म्हणजे अडीच टक्के. आणि संडास शेडच्या दुसऱ्या टोकाला असेल, एका खेपेला दहा मिनिटे लागत असतील, तर तोच खर्च चार टक्क्यांवर जातो. जवळ संडास बांधणे हे दयेचे काम नाही, त्यात मालकाचाही फायदा आहे.

आज हा अडीच टक्क्यांचा खर्च वाचत नाही. तो फक्त बाईच्या अंगावर ढकलला जातो. तो तिच्या औषधांत, तिच्या खाड्यांत आणि दुपारी तीननंतर वाढणाऱ्या चुकांत जातो. पोट तटतटलेले असताना सुई सरळ चालत नाही.

५. ‘मुली आत जाऊन मोबाइल बघत बसतात.’

ही तक्रार प्रत्येक सुपरवायझर करतो आणि ती सगळीच खोटी नाही. एखादी बसत असेल, एखादा बसत असेल. त्याच्याशी वेगळे बोला, समज द्या. एकाच्या चुकीसाठी साठ जणांची लघवी रोखायची, हा न्याय आपण शाळेतल्या मुलांनाही लावत नाही.

पण त्याहून महत्त्वाचे, लोक संडासात का थांबतात, हे कुणी विचारले आहे का? सबंध शिफ्टमध्ये कॅमेरा नाही, कुणी डोक्यावर उभे नाही, अशी ती एकच जागा असते. उभ्याने काम करणारी बाई तिथे दोन मिनिटे बसते. घरी आजारी मूल असेल तर तिथून फोन लावते. रडायचे असेल तर तिथेच रडते. टेकायला एक बाक द्या, घरी एक फोन करायची मुभा द्या, संडासातली गर्दी आपोआप कमी होईल.

हा वाद जगभर झालेला आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याला १९९८ मध्ये लेखी स्पष्टीकरण द्यावे लागले की, संडास बांधून भागत नाही, गरज लागेल तेव्हा कामगाराला तिथे जाऊ दिले पाहिजे. तरीही २०१६ मध्ये ऑक्सफॅमने तिथल्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांवर अहवाल काढला, तेव्हा कामगार डायपर घालून लाइनवर उभे राहतात, हे पुढे आले. आपल्या देशात २०२४ च्या उन्हाळ्यात मानेसरच्या ॲमेझॉन गोदामाची बातमी आली. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत लघवीला किंवा पाणी प्यायला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची ती बातमी होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कंपनीने तो अपवादात्मक प्रकार असल्याचे म्हटले. आणि सरकारी खातीही मागे नाहीत. दौंड जंक्शनवरून रोज जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांत बसलेले लोको पायलट वर्षानुवर्षे हीच मागणी करत आहेत. त्यांत आता बायकाही आहेत. काही इंजिनांत सोय झाली, बऱ्याच इंजिनांत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे मंडळाने जेवणासाठी व नैसर्गिक विधीसाठी ठरलेली विश्रांती देणे व्यवहार्य नसल्याचे कळवले. रेल्वेच असे म्हणते, तर खाजगी कंत्राटदार काय शिकणार?

६. उसाच्या फडात तर दारच नाही.

कारखान्याच्या शेडमध्ये निदान एक दार आहे आणि त्याच्या किल्लीवरून भांडण करता येते. तोडणीला आलेल्या बाईला तेही नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने दिलेली उचल फेडायला ती गाव सोडून येते. कोपी पडते कारखान्याच्या तळावर किंवा एखाद्या वाडीच्या कडेला. पहाटे अंधारात उठायचे, स्वयंपाक उरकायचा, फडात जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. यात लघवीला जायचे तर आडोसा कुठला? उसाचाच. आणि तोच ऊस ती तोडत असते. दिवस वर येतो तसा फड मोकळा होत जातो आणि दुपारपर्यंत आजूबाजूला फक्त पाचट उरते. शेजारच्या रानात जावे तर रानवाला ओरडतो. मग ती सकाळी अंधारात जाते आणि पुन्हा संध्याकाळी अंधार पडल्यावर. मधले दहा-बारा तास काही नाही. पाळी असेल तर तेच कापड दिवसभर.

एक दिवस आराम करावा, तर खाडा पडतो. पैसे कापले जातात आणि जोडीदाराचाही दिवस वाया जातो, कारण कोयता दोघांचा धरलेला असतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. याला एकच कारण नाही. लहान वयातली लग्ने आहेत, लागोपाठची बाळंतपणे आहेत, भीती घालून शस्त्रक्रिया करणारे काही डॉक्टर आहेत. पण अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, जळजळ या तक्रारींनी बाई डॉक्टरकडे जाते, तेव्हा त्या तक्रारींच्या मागे पाच महिने न मिळालेले पाणी, न मिळालेला आडोसा आणि न बदललेले कापड असू शकते. पाळीच नको म्हणजे खाडा नको, असा हिशोब एखाद्या तिशीच्या बाईला करावा लागतो, यापुढे मला शब्द सुचत नाहीत.

या बायका बीडच्या, पण त्या ऊस आपला तोडतात. बारामती-इंदापूरच्या बागायतदाराच्या उसाचे बिल त्यांच्या कोयत्यावर निघते.

कायद्याच्या बाबतीत त्यांची अवस्था आणखी वाईट. कारखान्याच्या कायद्याने कुंपणाच्या आतले संडास मोजले, फड त्याच्या बाहेर राहिला. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांसाठी होता. बीडहून बारामतीला येणारी बाई त्यात बसली नाही. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, पण ते मोजमाप घरांचे होते आणि कोपी हे कुणाच्या यादीतले घर नव्हे. मालक कोण, असे विचारले तर कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम म्हणतो, मी पण तिच्यासारखाच.

पैसा नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे एक कोटी होतात, सरकारचे धरून दोन कोटी. एका हंगामाचे. त्यातून तळावर पाण्याची टाकी, दिवे आणि कायमचे संडास होऊ शकतात. फडासाठी ट्रॅक्टरच्या मागे ओढत नेता येणारे फिरते संडास होऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती हवीच होती. पुढच्या करारात दराच्या खाली एक ओळ संडासाची आणि पाळीच्या दिवशी खाडा न लावण्याची हवी.

फिरते संडास जमतात का, असे विचारणाऱ्याने आषाढात आपल्या रस्त्यावर उभे राहावे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. मुक्कामाच्या गावी लाखोंच्या समुदायासाठी फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहतात, टँकर लागतात, सफाईची माणसे नेमली जातात, दुसऱ्या दिवशी सगळे पुढच्या गावी हलते. प्रशासन, ग्रामपंचायती आणि गावकरी मिळून हे करतात आणि चांगले करतात. एका रात्रीसाठी लाखोंची सोय करणाऱ्या तालुक्यांना पाच महिन्यांसाठी काही हजार बायकांची सोय जड जाणार नाही. त्या सोहळ्याला आपण सेवा म्हणतो. इथे तर ज्यांच्या कष्टावर आपले बिल निघते, त्यांचे देणे आहे.

७. दुकानातल्या मुली.

कापडाची दुकाने, सराफी, मोबाइलची शोरूम, छोटे दवाखाने. बारामतीत भिगवण चौकापासून पेठेपर्यंत कुठेही पाहा, काउंटरवर वीस-बावीस वर्षांच्या मुली सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत उभ्या असतात. बऱ्याच दुकानांत संडासच नसतो. जवळच्या कुणाच्या घरी, हॉटेलात किंवा एसटी स्टँडवर जायचे. गिऱ्हाईक असले की तेही नाही.

केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेत हीच अवस्था होती. तिथे पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईने दुकानातल्या बायकांना एकत्र केले. आधी संडासासाठी आणि मग दिवसभरात बसता यावे म्हणून त्या लढल्या. २०१८ मध्ये केरळने कायद्यात बसण्याचा हक्क घातला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही घातला. विक्रेत्या मुलींनी स्टुलावर बसायचे की नाही यासाठी कायदा करावा लागतो, हे वाईट आहे. पण केला, हे चांगले आहे.

आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम संडासाची सोय मालकावर टाकतो आणि जागा अपुरी असेल तर अनेक मालकांनी मिळून एक सामाईक सोय करावी, अशी मुभाही देतो. ही तरतूद फार उपयोगाची आहे आणि तिच्याकडे व्यापारी संघटनांनी पाहावे. अडचण अशी की, हा कायदा आता वीस किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागतो आणि आपली बहुतेक दुकाने तीन-चार माणसांची. तिथे नगरपरिषदेला पुढे यावे लागेल. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने रस्त्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी उच्च न्यायालयात याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश दिले आणि ही सोय जगण्याच्या हक्काशी जोडली. बारामती आणि इंदापूर नगरपरिषदा आहेत, महापालिका नाहीत. म्हणून इथल्या बाईचा जगण्याचा हक्क लहान होत नाही.

८. मग करायचे काय?

कंपन्यांनी टोकन, रजिस्टर आणि किल्ली या तिन्ही गोष्टी बंद कराव्यात. रिलीव्हर नेमावी आणि तिचे नाव लाइनच्या फलकावर लिहावे, म्हणजे सुपरवायझरला विचारण्याचा प्रश्न येत नाही. फक्त तिला खूण करायची. रात्रपाळीला बायका असतील तिथे संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा हवा. आत पाणी, कडी, पॅड टाकायला झाकणाचा डबा हवा. कंत्राटी कामगारांना वेगळा आणि घाणेरडा, कायम कामगारांना वेगळा आणि स्वच्छ, हा भेद तर ताबडतोब थांबवावा. कामगार संघटनांनी पुढच्या वेतन करारात हे कलम घालावे. पगाराच्या आकड्यापुढे ते लहान वाटते म्हणून वगळू नये. आणि वाटाघाटीच्या टेबलावर एकही बाई नसेल, तर ते वगळले जाणारच, म्हणून आधी ती बाई तिथे बसवावी.

कामगार बहिणींना एक सांगणे आहे. पाणी पिणे सोडू नका. जळजळ, ताप, कंबरदुखी असेल तर घरगुती उपायांवर आठवडे काढू नका. एकटीने बोलायला भीती वाटते हे खरे आहे, म्हणून दहा जणींनी मिळून एका कागदावर सही करून द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि साखर कारखान्याच्या सभासदांनो, तुमच्या हातात इतरांपेक्षा जास्त आहे. कंपनीच्या कामगाराला मालकाच्या बैठकीत जागा नसते, तुम्हाला असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत साखर उतारा, इथेनॉल, अंतिम दर यांवर तुम्ही प्रश्न विचारताच. या वर्षी लेखी प्रश्न आधी द्या: आपल्या कारखान्याच्या तळांवर किती कोप्या पडतात, त्यांच्यासाठी किती संडास आहेत, त्यांतले किती चालू आहेत, टनामागचे दहा रुपये भरले का आणि फडात फिरते संडास किती तारखेपासून येणार? संचालक मंडळाने दिलेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी आपल्या बायकोला, बहिणीला किंवा मुलीला बरोबर घेऊन तळावर जाऊन पाहा.